बिनवाटणीचा महिना

मुळे वकिलांनी चहात बुडवलेलं बिस्कीट मोडून कपात पडलं, आणि ते चमच्याने शोधता शोधता ते सहज म्हणाले, "मनकर्णाबाई, ऐकलंत का? आता आई-बापांनासुद्धा मुलांकडून पोटगी मागता येणार. नवा कायदा झालाय. एक एप्रिलपासून लागू." मनकर्णाची बोटं टाइपरायटरवर होती. एक कैफियत ती उतरवत होती, बांध कोरल्याची, नेहमीचीच. दोन अक्षरं एकदम वर उठली आणि एकमेकांत अडकली. ती सोडवताना शाई बोटाला लागली, तरी ती बोट पुसायचं विसरून तशीच बसून राहिली. बाहेर कोर्टामागच्या बोळात रसवंतीचं घुंगरू वाजत होतं. "कुणावर?" तिने विचारलं, आणि आपला आवाज चोरट्यासारखा आलाय हे तिला स्वतःलाच कळलं. "कुणावर म्हणजे? मुलांवर! जुन्या कायद्यात बायको होती, पोरं होती. म्हातारी माणसं सरकारच्या ध्यानातच नव्हती. आता ऐपत असून आई-बापाला टाकलं की मॅजिस्ट्रेट बोलावणार, हुकूम करणार, हुकूम मोडला तर आत टाकणार." वकिलांना बिस्कीट सापडलं. "आपण आत्तापासून तयारी ठेवू. अर्जाचा नमुना करून ठेवा. एप्रिलात रांग लागेल बघा."

रांग लागेल की नाही ते मुळे वकील जाणोत. मनकर्णाच्या डोक्यात त्या क्षणी एकच माणूस उभा राहिला होता, तिचा थोरला भाऊ बन्सी. कोर्टाच्या व्हरांड्यात, टोपी काढून हातात धरलेली, आणि पट्टेवाला खच्चून त्याचं नाव पुकारतोय. त्याच्यामागे धाकटा कानिफनाथ, गावात मान ताठ करून चालणारा, इथे मात्र कुठे बसावं हे न कळून भिंतीला टेकलेला. दुपारभर ती ते चित्र रंगवत राहिली. बन्सीच्या अंगात कुठला सदरा असेल, त्याला घाम फुटेल का, "साहेब" म्हणताना त्याची जीभ अडखळेल का. संध्याकाळी नगरच्या तोफखाना भागातल्या आपल्या खोलीकडे जाताना तिने कोपऱ्यावरच्या बाईकडून मेथीची जुडी घेतली, आणि घासाघीस करायचीसुद्धा तिला आठवण राहिली नाही. आनंद झाला होता तिला, उगाच दुसरं नाव कशाला द्यायचं. कितीतरी वर्षांनी पोटातून वर येणारा, ऊबदार, लबाड आनंद.

खोलीत आई भिंतीला पाठ लावून बसली होती, गोजरबाई. उजवा डोळा होता तिथे आता नुसती मिटलेली पापणी, आणि ती पदराच्या टोकाने सारखी टिपायची सवय. डाव्याने अजून दिसत होतं, तांदळातला खडा वेचण्याइतकं नाही, पण माणूस ओळखण्याइतकं. मनकर्णाने त्या मिटलेल्या पापणीकडे पाहिलं. रोज पाहायची. देवासमोर दिवा लावल्यासारखं रोज एकदा नेमाने पाहायची, राग विझू नये म्हणून.

बाप गेल्यावर काही वर्षांनी भावांनी जमीन वाटली, विहिरीचं पाणी वाटलं, बैल वाटले, आणि सगळ्यात शेवटी आई वाटली. घोडेगावापासून आत त्यांचं गाव, आणि तिकडे ही रीतच. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. महिना तुझा, महिना माझा. चैत्र बन्सीचा, वैशाख कानिफचा, ज्येष्ठ पुन्हा बन्सीचा. अमावास्येच्या संध्याकाळी आईने आपली ताटली आणि वाकळ उचलायची आणि अंगण ओलांडायचं. अंगण ते केवढं, पण ते ओलांडताना दोन्ही सुना आपापल्या दारात उभ्या राहून बघायच्या, एक गेली का म्हणून आणि दुसरी आली का म्हणून. अशी काही वर्षं निघाली. मग बहात्तर साल उजाडलं. विहिरी खडखडीत, आणि त्या साली नेमका वैशाख अधिक आला. दुष्काळात तेरावा महिना ही म्हण लोक उगाच तोंडात खेळवतात. गोजरबाईच्या दारात तो खराच येऊन उभा राहिला. बन्सी म्हणाला, माझा चैत्र झाला. कानिफ म्हणाला, माझा वैशाख तो खरा वैशाख, हा धोंड्याचा महिना कुठल्याच कामात धरत नाहीत तर वाटणीत कसा धरायचा? वर पुन्हा हसून म्हणाला, "धोंड्याचा महिना जावयाचा अस्तो. जावयाकडं जा म्हनावं." गोजरबाईला जावई एकच, कोल्हारचा, आणि त्याने मनकर्णाला टाकून दुसरी आणल्याला तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. पोटचा मुलगा असा विनोद करू शकतो. माणसाला काय वाटेल ते करता येतं.

तर आई दोन्ही दारांच्या मधल्या ओट्यावर बसली. शेजारची बनुबाई चतकोर भाकरी द्यायची ती खायची. काही दिवसांनी आईलाच लाज वाटली, आणि ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊन बसली. दोन जुवारीच्या रानांचे मालक असलेल्या मुलांची आई, पोरीबाळींच्या रांगेत, हातात हातोडी. कपची उडाली ती डोळ्यात. बन्सी म्हणाला, कचरा गेलाय, फुंकर घाला. कानिफ म्हणाला, अजून माझा महिना लागायचाय. डोळा सुजला, पिकला, वास मारायला लागला, तेव्हा बनुबाईने तिला एसटीत घालून नगरला मनकर्णाच्या खोलीवर आणून सोडलं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी डोळा काढला. मनकर्णा बाहेर बाकावर बसून होती, आणि तिथल्या फिनेलच्या वासात तिने ठरवलं होतं की ह्याचं उट्टं काढायचं. कसं ते ठाऊक नव्हतं. आता वकिलांच्या कपातून ते वर आलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. रोज संध्याकाळी जेवणाआधी मनकर्णा स्टुलावर बसायची, आई खाली. "मी साहेब हाय असं समज. नाव काय तुमचं?" "गोजरबाई." "मुलं किती?" "दोन. आन् एक पोरगी." "पोरीचं नको सांगू. मुलं सांभाळतात का तुमाला?" "सांभाळत्यात की. त्यांच्या परीनं." "आई!" "बरं. न्हाई सांभाळत." "हे बरं कशाला म्हनतीस मधी? साहेब काय म्हनंल, कुनीतरी पढवून आनलीय." "पढवतीयसच की तू." आणि गोजरबाई हसायची, तोंडात दात नसल्याने तिचं हसू सगळ्या चेहऱ्यावर पसरायचं, आणि मनकर्णाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एवढं सगळं होऊन ही बाई हसते कशी? डोळ्याचं सांग म्हटलं तर सांगायची, "उडाली कपची. कुनी मारली न्हाई." हातोडीचा दोष नाही, मुलांचा नाही, सरकारचा नाही, दोष कुणाला द्यायचाच नाही ही तिची जुनी खोड. मनकर्णाला ती खोड चांगली ठाऊक होती. तिचं सगळं आयुष्य त्या खोडीखाली दबलं होतं.

कारण आधीही एक संध्याकाळ झालेली होती. मनकर्णा तेव्हा विशीतली. कोल्हारहून नेसत्या लुगड्यानिशी निघाली होती, पाठीवर वळ होते, आणि माहेरच्या अंगणात पाय टाकला तेव्हा तिला वाटलं होतं की आता संपलं. बाप नुकताच गेला होता, घर अजून एकच होतं. बन्सी उंबऱ्यात आडवा आला. "दिल्या घरी ऱ्हायाचं. आज तुला घेतली तर उद्या गाव तोंडात शेन घालंल." कानिफ मागून तेच म्हणत होता, नुसतं जरा मोठ्याने. आणि आई चौकटीला हात लावून उभी होती. दुसऱ्या हाताला पीठ लागलेलं. भाकरी टाकता टाकता उठून आली होती. मनकर्णाने भावांकडे पाहिलंच नाही. ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली, ते उघडेल म्हणून. एक शब्द. "आत ये" नको, "थांब" म्हणाली असती तरी चाललं असतं. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, आणि आई आत गेली. भाकरी उलटायला गेली. मनकर्णा घोडेगावपर्यंत अंधारात चालली, सकाळच्या गाडीने नगरला आली, एका मास्तरणीच्या घरी स्वयंपाकाला राहिली, शिकली, टाइपिंगच्या क्लासात चटाचट बोटं बडवली, आणि त्या प्रत्येक अक्षराखाली तिने बन्सीचं तोंड ठेवलं होतं. बन्सीचंच. दुसऱ्या कुणाचं असेल असं तिच्या कधी मनातही आलं नाही.

मार्च लागला तसे मुळे वकील खुशीत येत गेले. एक-दोन म्हातारे येऊन चौकशी करून गेले होते, पण मुलांवर अर्ज म्हटलं की जोडे घालायला लागायचे. "लाज वाटते लेकाच्यांना. म्हातारी मेल्याचं दुःख नाही हो, काळ सोकावतो," वकील म्हणायचे. मनकर्णाच्या आईचा अर्ज हाच त्यांचा पहिला अर्ज असणार होता, आणि तो त्यांना पक्का हवा होता. "अडचण एकच आहे," एकदा ते म्हणाले. "ती तुमच्याकडे सुखाने जेवतेय. समोरचा वकील म्हणणार, हेळसांड कुठे आहे? लेक सांभाळते, मुलं नाही कुठे म्हणालीत? त्यांनी नाही म्हणायला हवं. स्पष्ट. चार माणसांदेखत." त्या संध्याकाळी भाकरी थापताना मनकर्णा आईकडे बघत होती. आई अंगाने जरा सुटली होती. गालावर तुकतुकी आली होती. ते तिला आवडलं नाही. अशी तुकतुकीत म्हातारी साहेबांपुढे उभी केली तर कोण म्हणेल टाकलेली आहे? तिने आईच्या ताटात अर्धीच भाकरी वाढली. गोजरबाईने ती खाल्ली, ताट चाचपलं, आणि पाणी प्यायली. मनकर्णा उरलेल्या अर्ध्या भाकरीकडे बघत बसली, मग झटक्याने उठून ती आईच्या ताटात टाकली, वर तुपाची धार सोडली. "एवढं कशाला?" आई म्हणाली. "खा म्हनलं ना!" ती ओरडली. शेजारच्या खोलीतला रेडिओ क्षणभर बारीक झाला.

पाडव्याला जायचं हे तिने स्वतः ठरवलं. पाडव्याला चैत्र लागतो, चैत्र बन्सीचा. त्याच्याच वाटणीचा महिना, त्याचंच दार, वर गुढी उभारलेली, गाव जागं आणि नटलेलं. त्या दिवशी दारातून आईला हाकललं तर पंचक्रोशी थुंकेल. वकिलांना ही कल्पना फार पटली. फक्त त्यांनी बजावलं, "तुम्ही चकार शब्द काढायचा नाही. लांब उभं राहायचं. विचारायचं आईनेच. तुम्ही बोललात की बहिणीने भांडण उकरलं म्हणतील." आईला तिने एवढंच सांगितलं, की बन्सीच्या दारात जाऊन म्हणायचं, माझा महिना लागला, मला घे. गोजरबाईने विचारलं, "आन् घेतलं तर?" मनकर्णा तिच्या वाकळीची घडी घालत होती. "न्हाई घेनार," ती म्हणाली.

एसटीतून उतरून एका बैलगाडीने त्या दोघी गावात पोचल्या तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. घरोघरी गुढ्या, साखरेच्या गाठी, कडुलिंबाचे डहाळे. बनुबाई आपल्या ओसरीवर बसली होती, ती "गोजरबाई, आली व्हय गं!" म्हणून उठली. तिच्याकडे दोन पाहुणे आलेले. ते साक्षीला झाले, मनकर्णाने मनात नोंद केली. ती अंगणाच्या कडेला लिंबाखाली थांबली. आई ताटली-वाकळ घेऊन पुढे निघाली, एका हाताने हवा चाचपत, त्या अंगणातून, जे तिच्या पावलांना पाठ होतं. बन्सीची बायको साळूबाई दारात आली. तिने सासूला पाहिलं, एकदम पदर सावरला, आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. "पानी घ्या, आत्याबाई. उनाच्या आलात. बसा सावलीला." तिच्या आवाजात खरी कणव होती. ही घेते की काय? सणाचा दिवस, बाईमाणूस, विरघळली की काय? घेऊ नकोस, मनकर्णा मनात म्हणाली. साळूबाई, तुला देवाची शपथ, घेऊ नकोस तिला. तिने आयुष्यात देवाकडे फार काही मागितलं नव्हतं. हे मात्र तिने घट्ट डोळे मिटून मागितलं.

देव असल्या वेळी ऐकतो. बन्सी बाहेर आला, नवं धोतर, कपाळाला गंध. गोजरबाई म्हणाली, "बन्सी, चैत लागला. तुझा महिना. मला घे." शिकवल्यापेक्षा चांगलं म्हणाली. बन्सीने लिंबाखाली उभ्या बहिणीकडे एकदा पाहिलं, मग बनुबाईच्या पाहुण्यांकडे, आणि घसा खाकरला. "आमी कधी न्हाई म्हनलोय का? पर त्या धोंड्याच्या महिन्याचा न्याय व्हयाचा ऱ्हायलाय. तो कानिफनं आधी करावा, मग माझा चैत. रीत ती रीत." कानिफनाथ आपल्या दारातून तरातरा आला. "माझ्याकडं कसला? म्या आधीच सांगितलंय, धोंडा कुनाच्याच वाटनीत न्हाई." "मंग आईनं तोवर कुठं ऱ्हायाचं?" हे बनुबाईने विचारलं. "जितं हाय तितं ऱ्हावं की," बन्सी म्हणाला. "लेक नोकरदार हाय. शहरात हाय. आमी काय उपाशी ठेवलीय का तिला?" दोघं भाऊ दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, आज एका ओळीत उभे होते. सुंभ जळाला तरी पीळ जळेना. साळूबाई तांब्या घेऊन तशीच उभी होती, तिने नवऱ्याकडे पाहिलं, आणि तीही आत गेली.

झालं होतं. स्पष्ट, चार माणसांदेखत, पाडव्याच्या दिवशी, दोघांच्या तोंडून. मनकर्णाला छाती एकदम मोकळी झाल्यासारखी वाटली. आता ह्यांना कोण वाचवतो? तिच्या कानात पट्टेवाल्याची आरोळी घुमायला लागली. आई अजून उंबऱ्यापाशीच होती. कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून ती थांबली होती. मान जराशी वर, एक डोळा मिटलेला, दुसरा उजेडाने मिचमिचा. मग ती वळली, आणि तिला वाट पटकन सापडेना. पुढे होऊन तिचा हात धरायला हवा होता. मनकर्णाला ते कळत होतं. पण ती जागची हलली नाही. अजून थोडं, तिला वाटलं, अजून जरा वेळ उभी राहू दे तिथे. त्या चौकटीपाशी. तिला कळू दे कसं असतं ते. हे "तिला" कुणाला, हे मनात आलं तेव्हा मनकर्णाचा हात लिंबाच्या खोडावर गेला. तोवर बनुबाईनेच आईचा हात धरून तिला अंगणाबाहेर आणली होती.

घोडेगावच्या फाट्यावर गाडीला वेळ होता. त्या दिवशी जनावरांचा बाजार नसल्याने सगळं ओस, नुसतं वाळलेल्या शेणाचं मैदान आणि उन्हाची झळ. दोघी एका पानटपरीच्या सावलीत बसल्या. बनुबाईने बांधून दिलेली पोळी मनकर्णाने आईच्या हातात दिली. आईने ती मांडीवर ठेवली, खाल्ली नाही. "चांगलं बोललीस," मनकर्णा म्हणाली. "आता अर्ज पक्का. एक तारखेला लावू." गोजरबाईने पदराने पापणी टिपली. "एक डोळा हाय मला अजून," ती म्हणाली. "लिंबाखाली तू हसत हुतीस." मनकर्णा वाकळीची घडी पुन्हा घालायला लागली. "तू आली हुतीस तवा मी बोलले न्हाई. आज तू बोलली न्हाईस. फिटंफाट झाली का गं?"

"मला वकिलानं सांगितलं हुतं," मनकर्णा घाईने म्हणाली. "बोलायचं न्हाई म्हनून. केस बिघडती." गोजरबाईने मान हलवली. "मला बी बन्सीनं सांगितलं हुतं तवा. आत ऱ्हायाचं असंल तर बोलायचं न्हाई म्हनून." रस्त्यावरून एक मालट्रक धूळ उडवत गेला. गोजरबाईने पोळीवर पदर धरला. मग आईने पुन्हा विचारलं, अगदी साधं, चूल पेटली का असं विचारावं तसं, "सांग की. फिटलं का?"

मनकर्णाने खरंच आत शोधलं. हो म्हणावं, आईच्या मांडीवर डोकं ठेवावं, रडावं, अर्ज-बिर्ज सगळा मुळा धरणात बुडवावा, असं वाटायला हवं होतं, आणि तसं काहीतरी वर आलंही. पण त्याच्याखाली दुसरं होतं, कठीण, करपलेल्या भाकरीच्या वासाचं, आणि ते तसूभर हललं नव्हतं. आईपाशी खोटं बोलण्याचा तिला कंटाळा आला.

"न्हाई," ती म्हणाली.

"मंग कोर्टात बी ने," गोजरबाई म्हणाली, आणि पोळीचा तुकडा मोडून तिने तोंडात टाकला. "तिथं बी उभी ऱ्हाते. तुझं फिटंस्तवर किती उंबरे लागतील तेवढे दाव मला, मी चढते."

गाडी आली तेव्हा आईने हात पुढे केला, आणि मनकर्णाने तो धरला.